एका सेटच्या चार डाय

हार्डवेअरच्या दुकानात बाई बसलेली दिसली की लोक एकच प्रश्न विचारतात, "मालक कुठायत?" हिंदी बोलणारे विचारतात, "भाभी, भैया कब आयेंगे?" अठ्ठ्याऐंशी साली काशीमीऱ्याच्या नाक्यापासून थोडं आत आम्ही दुकान टाकलं, तेव्हापासून मी हे ऐकत आले आहे. दुकान माझ्या यजमानांच्या, दशरथच्या हौसेचं. पण ते बँकेत नोकरीला, सकाळी गेले की दिवेलागणीला परत. म्हणजे हौस त्यांची आणि खिळ्यांच्या गोण्यांशेजारी दिवसभर हायवेची धूळ खात बसायचं मी. सुचेता हार्डवेअर असं माझं नाव पाटीवर घातलं, तेवढ्यावर माझी बोळवण झाली.

पुंडलिकदादाने मात्र पहिल्या दिवशीसुद्धा मालक विचारला नाही. पन्नाशीचा, रापलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला माणूस. आला आणि म्हणाला, "बाय, पायपाच्या डाय हायत काय?" मी खोका पुढे सरकवला. त्याने उघडला, आतली एक डाय उजेडात धरली, परत ठेवली आणि खोका माझ्याकडे ढकलला.

"यानं पाव पन कापनार न्हाय गो."

मला राग आला. नवं दुकान, नवा माल, आणि हा कोण प्लंबर मला शिकवणारा! "मग दुसरीकडे बघा," मी म्हटलं. तो गेला नाही. बाहेर ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर बसला आणि म्हणाला, "दुसरीकडं पन हेच हाय. म्हनून तं तुला सांगतंय."

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लोखंडी पाईप एकमेकांना जोडायचे तर त्यांच्या टोकांना बाहेरून आटे पाडावे लागतात. ते पाडते ती डाय. पाईपच्या कामाला अशा चार छोट्या डाय असतात, प्रत्येकीवर दातांची ओळ, प्रत्येकीवर एक ते चार असा नंबर. चारही एका लांब दांड्याच्या चौकटीत आपापल्या खाचेत बसवायच्या, पाईप शिकंज्यात आवळायचा, आणि दांडा हातांनी गरागरा फिरवत राहायचं. गरागरा हा आपला बोलायचा शब्द. प्रत्यक्षात इंच इंच, दात ओठ खात. चार मजल्यांच्या एका इमारतीत असे शेकडो आटे पाडावे लागतात, आणि त्या काळात मीरा रोडला दर पावसाळ्यानंतर नव्या इमारती उगवत होत्या.

पुंडलिकदादा भाईंदरजवळच्या राई गावचा. घरची भातशेती होती, मिठागरात वाटा होता. मिठागर बंद पडलं, जमीन भावाभावांत फुटली आणि बिल्डरकडे गेली. त्यातलं काय कुणाच्या हाती लागलं ते तो कधी बोलला नाही आणि मी विचारलं नाही. वीस वर्षांपूर्वी एका गुजराती मिस्त्रीच्या हाताखाली त्याने प्लंबिंग शिकून घेतलं होतं, आता तेच त्याचं पोट. पोर ना बाळ. घरात तो आणि मंजुळावहिनी.

त्याचा उजवा खांदा गेलेला होता. भाईंदरच्या डॉक्टरने फोटो काढून स्पष्ट सांगितलं होतं की सांधा झिजलाय, जोराचं काम करत राहिलात तर एक दिवस हात उचलणार नाही. हे त्याने मला तिसऱ्या की चौथ्या भेटीत सांगितलं, रंगाच्या डब्यावर बसून, चहा बशीत ओतता ओतता.

"मंग मी डॉक्टरला काय म्हनलं ठाव हाय? म्हनलं, धार चांगली असल तं जोर कशाला लागंल? बोथट डाय खांदा खाते. चांगली डाय नुसती हात धर म्हनते."

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"तो काय म्हननार! त्यानं कवा पायपाला आटा पाडलाय?"

एवढ्यावर त्याचं सगळं होतं. चांगली डाय मिळत राहिली तर हात राहील, हात राहिला तर काम राहील. बाकीचे प्लंबर बिल्डर देईल त्या डायवर निभावून न्यायचे आणि आटा फाटला की गळू नये म्हणून वर सफेद्याचा लेप आणि सुताचे दोन वेढे जास्त मारायचे, हा माणूस मात्र डाय निवडायला अख्खी सकाळ घालवायचा. मी सहा खोके पुढे ठेवायचे आणि तो पाच परत करायचा. गिऱ्हाईक म्हणून असला माणूस म्हणजे डोक्याला ताप. पण त्याच्याकडे बघता बघता मी शिकले, हे मान्य करायलाच हवं.

तो छाप बघायचा नाही. "छाप कोन पन मारतो," म्हणायचा. डाय ट्यूबलाइटखाली धरून दातांच्या टोकांकडे बघायचा. टोकावर उजेडाची बारीक रेघ चमकली तर ती डाय बाजूला. खरी धार चमकत नाही, कारण उजेड पडायला तिथे जागाच नसते. बोथट झालेलं टोक सपाट होतं आणि मग ते चमकतं. नंतर अंगठ्याचं नख दातांवरून आडवं फिरवायचा. नखाचा कीस निघाला पाहिजे. मग दातांच्या मधल्या घळी बघायचा, तिथे घासल्याच्या खरबरीत खुणा असतील तर लोखंडाचा चुरा अडकणार आणि आटा ओरबाडला जाणार. काशीमीऱ्याच्या गॅरेजवाल्यांना नटाला आतून आटे पाडायचे टॅप लागायचे, तेही मी त्याच रीतीने निवडून देऊ लागले. ट्रकवाले सरदारजी सुरुवातीला हसले. मग टॅप मधेच तुटून नटात अडकायचे बंद झाले, तेव्हा "भाभी से पूछो" म्हणायला लागले. माझी मान जरा ताठ झाली, खोटं कशाला बोलू.

आणि एक गोष्ट त्याने मला बजावून सांगितली होती. सेट फोडायचा नाही. कारखान्यात चारही डाय एकत्र घासतात. एक नंबरचा दात जिथे सोडतो तिथे दोन नंबरचा धरतो, मग तीन, मग चार. दुसऱ्या सेटमधली एक जरी आली, मग ती कितीही धारदार असो, चारही आपापसात भांडतात. म्हणून तो खोका उघडला रे उघडला की चार डायना सुताचा वेढा घालून गाठ मारायचा, आणि बघून झाल्यावर पुन्हा तशीच गाठ मारून ठेवायचा. मलाही तशी सवय लावायला सांगितली होती. मी लावली नाही. एवढ्या गिऱ्हाइकांत कोण गाठी मारत बसणार?

त्र्याण्णवच्या मे महिन्यातली गोष्ट. पाण्याने जीव नकोसा केला होता. दुकानाच्या वरच आमची बिल्डिंग, तिला तीन तीन दिवस पाणी नाही, टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाच ठाऊक. त्या दिवशी दुपारी दोन गिऱ्हाइकं डायचे दोन खोके काउंटरवर उघडून पारखत होती. दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन्ही उत्तम, मीच निवडून मागवलेले. सगळ्या आठ डाय काउंटरवर पसरलेल्या. तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. गिऱ्हाइकं "नंतर येतो" म्हणून निघून गेली. मी घाईघाईने आठही डाय उचलल्या, नंबर बघून एक, दोन, तीन, चार अशा दोन्ही खोक्यांत भरल्या, शटर अर्धं ओढलं आणि हंडे घेऊन धावले. चूक झाली ती इथे, आणि आठ महिने मला तिचा पत्ता नव्हता. त्या दिवशी मला एवढंच बरं वाटलं होतं की चार हंडे भरले.

चार दिवसांनी पुंडलिकदादा आला. बेव्हर्ली पार्कच्या बाजूला एका मोठ्या इमारतीचं काम त्याला मिळालं होतं. आधीच्या डाय झिजल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे खोके काढायला लागले, तर तो डब्यावर बसूनच म्हणाला, "आज तूच निवड गो बाय. मना मान वाकवत न्हाय, पार खांद्यापासून कळ येते."

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्यावर सोडलं होतं. मी त्या दोन खोक्यांतला एक काढला. एकेक डाय ट्यूबलाइटखाली धरली. एकही चमकली नाही. नख फिरवलं, कीस निघाला. घळी गुळगुळीत. चार नंबर चार खाचांचे. मी धार बघितली, पाठ बघितली नाही. पाठ बघितली असती तर दोघींची काळपट आणि दोघींची घासलेली पांढरी, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"ही घ्या. यापेक्षा चांगली मिळायची नाही," मी म्हटलं.

"तू बगितलंस ना? मंग झालं," असं म्हणून त्याने खोका पिशवीत टाकला.

पंधरवड्याने तो आला तो काही घ्यायला नाही. हात गळ्यात अडकवलेला, पंच्याची झोळी करून. चेहरा उतरलेला. मी चहा मागवला, तो त्याने प्यायला नाही.

"संपलं बाय. हात गेला."

"असं कसं? अचानक?"

"डाय नवी, धार चांगली, तरी दांडा हलंना. दोन फेरे मारले का घाम सुटतो. आटा बी फाटतोय. हात थरथरतो ना, म्हनून फाटतोय. डॉक्टर बोलला तसंच झालं. ठेकेदार म्हनला, काका तुमचं वय झालं, आता घरी बसा. दुसरा गडी लावला त्यानं."

"डाय परत बघू का मी?" असं मी विचारलं नाही. हे मला अजून झोंबतं. माझ्या मनातही आलं नाही, कारण ती डाय मी निवडली होती. मी म्हटलं, "दादा, आराम करा. खूप केलंत." त्याला तेच पाहिजे होतं का कोण जाणे. त्याने मान हलवली आणि निघून गेला. शिकंजा त्याने भंगारात घातला, असं मागाहून कळलं.

नंतर तो दुकानाकडे फिरकला नाही. मीही गेले नाही राईला. दिवस जात होते, उन्हाळा गेला, पावसाळा गेला, रस्त्याचे खड्डे बुजवले आणि पुन्हा पडले. त्याची आठवण यायची ती खोके उघडताना, आणि मी म्हणायचे, जाऊ एकदा. त्या दिवसांत मला सगळ्याचाच कंटाळा आला होता. दुकानाचा, पाण्याचा, "मालक कुठायत"चा.

जानेवारीत नानासाहेब आले. हे बेव्हर्ली पार्कमध्ये राहायचे, मूळचे मराठवाड्यातले, एका कंपनीत मेंटेनन्सला नोकरी. सोसायटीच्या टाकीचे पाईप बदलायचे होते, ते बाहेरच्या माणसाकडून कशाला, म्हणून मेमध्ये माझ्याकडून डायचा सेट घेऊन गेले होते. काम लांबलं आणि खोका तसाच कपाटात पडून राहिला होता. नीटनेटका माणूस, इस्त्रीचा सदरा, बोलणं सावकाश.

"ताई, हा सेट आटा फाडतोय. मला वाटलं माझंच चुकतंय, म्हणून कंपनीत नेऊन बघितला. यातल्या दोन एका कंपनीच्या आहेत आणि दोन दुसऱ्या. तुमची चूक झाली असं मी म्हणत नाही, माल तसाच आला असेल."

त्यांनी चारही डाय काउंटरवर पाठीवर उलट्या मांडल्या. एक आणि दोन काळपट. तीन आणि चार पांढऱ्या.

टँकर, दोन खोके, आठ डाय, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर उभं राहिलं. यांच्याकडे जर या चार, तर उरलेल्या चार कुणाकडे? मी नानासाहेबांना नवा सेट दिला, त्यांच्यासमोर पाठी तपासून, आणि त्यांच्या त्या चार डाय रुमालात बांधून ठेवल्या. ते "एवढं काही नाही हो ताई" म्हणत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

रात्री जेवताना दशरथला सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं. आता त्याला सांगून काय मिळणार? एवढे दिवस त्याने मनाची समजूत घातली असेल. तू कशाला खपली काढतेस?" बँकेतल्या माणसाचं बोलणं, ऐकायला अगदी बरोबर. मी दोन दिवस ते बरोबर मानूनही बघितलं. तिसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि राईला जायला रिक्षा केली.

मंजुळावहिनी ओटीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं, बसायला पाट दिला. पुंडलिकदादा आतून आला. आठ महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. सकाळ संध्याकाळ तो एका चाळीच्या टाकीचा कॉक सोडायला जायचा, तेवढंच काम. तेही डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर असा पडलेला होता, जसा काही कुणी दुसऱ्यानेच तिथे ठेवून दिलाय.

"याचं काय सांगू तुमाला," वहिनी म्हणाल्या. "हाताला तेल लावू देत न्हाय. म्हनतो, मेलेल्या हाताला तेल कशाला? जेवतो बी डाव्या हातानं. घरात अशुभ दिसतं."

"तू गप गो," तो म्हणाला.

मी विचारलं, "दादा, मी दिलेल्या त्या शेवटच्या डाय आहेत का?"

"हायत ना. शिकंजा इकला, दांडा दिला. डाय नव्या होत्या, तुज्या हातच्या होत्या. टाकवल्या न्हाय." तो आत जाऊन फडक्यात बांधलेल्या डाय घेऊन आला. सुताचा वेढा, वर गाठ.

मी गाठ सोडली. पाटासमोर त्याच्या चार डाय उलट्या मांडल्या, शेजारी रुमालातल्या चार. मग त्याच्या दोन काळपट उचलून माझ्या दोन काळपटांशेजारी ठेवल्या आणि पांढऱ्या पांढऱ्यांशेजारी. तो खाली बसला. डाव्या हाताने एकेक जोडी जुळवून डोळ्यांसमोर धरली, दातांच्या ओळी एकाखाली एक लावून बघितल्या. एक संपते तिथे दुसरी सुरू. मग मुद्दाम काळी आणि पांढरी लावून बघितली. तिथे ओळ तुटत होती, केसभर, पण तुटत होती.

"सेट फुटला होता," तो म्हणाला. "तू निवडलेल्या, म्हनून मी पाठ बगितलीच न्हाय."

"माझ्याकडून फुटला, दादा. टँकर आला होता, मी घाईत भरल्या. नंबर बघितले फक्त. तुम्ही सांगितलं होतं तरी." मला रडू फुटलं. मी दुकानात बसून ट्रकवाल्यांशी भांडणारी बाई, पण त्या ओटीवर पदराने डोळे पुसत बोलत होते. "तुमचा हात गेला नव्हता. कदाचित गेला नव्हता. मला ठाऊक नाही. पण त्या डायने तर धडधाकट माणसाचाही हात गेला असता."

वहिनींनी चिंच फोडायची थांबवली. मी वाट बघत होते की तो आता ओरडेल, की चालती हो म्हणेल. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने आठही डाय पुन्हा उलट्या करून ओळीत लावल्या. त्या वयात पुन्हा शिकंजा, पुन्हा दांडा, पुन्हा कुणा ठेकेदाराच्या दारात उभं राहणं, हे आता होणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"आठ महिनं," तो शेवटी म्हणाला. "आठ महिनं मी या हाताला शिव्या घातल्या गो. रोज. उठलो का पैली शिवी याला."

त्याने डाव्या हाताने उजवा हात मांडीवरून उचलला, छातीशी धरला आणि मनगटापासून कोपरापर्यंत हळूहळू चोळू लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्याने पुसलं नाही. मग ओटीच्या कडेला सरकून तो उजवा हात त्याने बायकोपुढे केला.

"मंजुळे," तो म्हणाला, "जरा तेल गरम करून आन. याला लाव."